सगळेच फॉर्म भरून टाका!

मुलगी बारावी सायन्सला गेली की एक पथ्य पाळा. कोणत्या परीक्षेवर कोणती शिष्यवृत्ती मिळते, हे मुळीच बघू नका. इंजिनिअरिंगसाठी राज्याची एमएचटी-सीईटी, देशपातळीवरच्या जेईई मेनची जानेवारी आणि एप्रिल अशी दोन्ही सत्रं, बिट्स पिलानीची बिटसॅट, शिवाय झाडून सगळी खासगी विद्यापीठं. नुसत्या फॉर्मांची बेरीज पाच आकड्यांत गेली तर जाऊ द्या, शिष्यवृत्तीतून वसूल होईलच. शाळकरी मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा एनटीएसई २०२१ पासून थांबलीय, विज्ञानाची शिष्यवृत्ती केव्हीपीवाय २०२२ मध्ये केंद्राच्या इन्स्पायर योजनेत विलीन झालीय. तरी क्लासच्या पाटीवर नावं दिसली तर धाकट्याचं नाव तिथे घालून या.

खासगी विद्यापीठाच्या पत्रकात ‘१०० टक्क्यांपर्यंत शिष्यवृत्ती’ असं छापलेलं असतं. त्यातला ‘पर्यंत’ वाचायचा नाही. सवलत फक्त ट्यूशन फीवर की हॉस्टेल-मेसवरही, एकाच वर्षाला की चारही, सीजीपीए (कॉलेजातला सरासरी श्रेणीगुण) किती टिकवावा लागतो, असलं काही विचारू नका. काउन्सेलर बिचारा रोज फोन करतो, त्याला वाईट वाटेल.

पेपर सोडवण्याचं तंत्र सगळीकडे एकच ठेवा. जेईईत चुकलं की एक गुण कापतात, म्हणून प्रश्न सोडून द्यायची सवय लागते. तीच सीईटीत चालवा. तिथे वजा गुण नाहीत, तरी १५० पैकी वीस प्रश्न कोरे ठेवण्यात एक बाणेदारपणा आहे. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, म्हणजे २०० पैकी निम्मे गुण तिथेच. त्यामुळे गणिताचा सराव शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. आणि निकाल लागला की जेईईचे पर्सेंटाइल (किती टक्के मुलं मागे राहिली तो आकडा) सीईटीच्या पर्सेंटाइलशेजारी मांडून मुलीला बोला. दोन्हीकडे परीक्षेला बसलेली गर्दी वेगळी असते म्हणे, पण आकडे तर आकडेच ना.

आता कंटाळवाणा भाग. कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, टीएफडब्ल्यूएस नावाच्या फी-माफीच्या जागा असतात, मंजूर जागांच्या वर ५ टक्के. साठांच्या वर्गाला तीन. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ. त्यांचा पर्याय कोड वेगळा असतो आणि कॉलेजांच्या प्राधान्ययादीत तो वेगळा भरावा लागतो. भरू नका, यादी उगाच लांबते. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी गटांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. उत्पन्नाची अट तीच, आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. म्हणून पहिली फेरी लागायच्या आतच घाबरून मॅनेजमेंट कोट्यातली सीट घेऊन मोकळे व्हा.

उत्पन्नाचा दाखला? कॅपचा फॉर्म सुरू झाला की बघू. सेतू केंद्रात तेव्हाच खरी रांग असते, चार ओळखीचे भेटतात. एवढं करूनही महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज मंजूर झालाच, तर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतील. ते खातं पोरगी पाचवीत असताना उघडलं होतं. पासबुक आजोळी आहे आणि नोंदवलेला मोबाइल नंबर बाबांच्या मागच्या नोकरीतला.