रिफ्लक्सचं ऑपरेशन कुणी करून घ्यावं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ॲसिड रिफ्लक्सवरच्या, म्हणजे जठरातलं ॲसिड अन्ननलिकेत वर येण्यावरच्या, दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही रागावून लिहिलंत की ही सर्जन लोकांची जाहिरात आहे, पथ्य पाळलं तर पित्त आपोआप जातं, आणि तुमच्या मेव्हण्यांनी हे ऑपरेशन करूनही वर्षभरात गोळ्या परत सुरू झाल्या, वर ढेकरही येत नाही.

जाहिरातीचं आधी संपवते. मी फिजिशियन आहे, ऑपरेशन करत नाही. जळजळीच्या बहुतेक पेशंटना मी ते सुचवतही नाही.

वजन उतरवणं, रात्री लवकर जेवणं, पलंगाची उशाकडची बाजू उंच करणं, तंबाखू-मिश्री सोडणं, याने पुष्कळांना बरं वाटतं. पण जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याच्या) भोकातून छातीत सरकला असेल, वाकलं की आंबट पाणी घशाशी येत असेल, तर पथ्याने तो भाग खाली येत नाही. गोळी ॲसिड कमी करते, वर येणं थांबवत नाही. म्हणून छातीतली आग शमते, पण रात्री ठसका लागून उठणं चालूच राहतं.

ऑपरेशनमध्ये अन्ननलिका आणि जठर जिथे जुळतात तिथली बिघडलेली झडप दुरुस्त करतात. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं पाडतात, सरकलेलं जठर खाली ओढून घेतात, श्वासपटलाचं सैल भोक टाके घालून आवळतात. मग जठराचा वरचा मोकळा भाग अन्ननलिकेच्या मागून पलीकडे नेऊन मफलरसारखा गुंडाळतात आणि शिवतात. रुडॉल्फ निसेन या सर्जननी ही पद्धत १९५० च्या दशकात पोट उघडून सुरू केली. दुर्बिणीतून ती १९९१ पासून होऊ लागली.

आता तुमच्या मेव्हण्यांचं. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो मी झटकणार नाही. स्वीडनमध्ये असं ऑपरेशन झालेल्या २,६५५ लोकांची नोंद तपासली, तेव्हा सुमारे १८ टक्के लोकांचा त्रास परतलेला दिसला. त्यातल्या बहुतेकांना गोळ्याच परत घ्याव्या लागल्या. ढेकर अडणं, पोट फुगणं, उलटी न होणं हेही खरं आहे. पूर्ण वेढ्याऐवजी अर्धवट वेढा घातला तर ते कमी होतं. हे सगळं पेशंटला ऑपरेशनच्या आधी, नीट बसवून सांगायला हवं. तुमच्या मेव्हण्यांना कुणी सांगितलं नसेल तर तुमचा राग रास्तच आहे.

पण निकाल बराचसा ऑपरेशन टेबलाच्या आधीच ठरलेला असतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधला एक अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. गोळ्यांनी जळजळ जात नाही म्हणून ३६६ जण पाठवले गेले होते. त्यातल्या ४२ जणांना तशीच गोळी वेळेवर, जेवणाआधी, नीट घेतल्यावर आराम पडला. ९९ जणांची जळजळ रिफ्लक्सची नव्हतीच. आणखी काही इतर कारणांनी गळले, आणि गाळणी लावता लावता ७८ उरले. त्यांच्यात ऑपरेशन झालेल्यांपैकी ६७ टक्के लोकांना चांगला फरक पडला, औषधं वाढवून दिलेल्यांपैकी फक्त २८ टक्के लोकांना.

या गाळणीत मुख्य म्हणजे दोन तपासण्या. एकीत नाकातून बारीक नळी घालून पाण्याचे घोट गिळायला लावतात आणि अन्ननलिका किती जोराने ढकलते ते मोजतात. ती कमजोर असेल तर पूर्ण वेढ्याने घास अडकू शकतो. दुसरीत तशीच नळी चोवीस तास ठेवतात, कमरेला छोटं यंत्र बांधतात. पेशंट घरी जातो, नेहमीसारखी मिसळ-भाकरी खातो, जळजळलं की बटण दाबतो. बटण दाबलं त्या वेळी ॲसिड खरंच वर आलं होतं का, हे दुसऱ्या दिवशी कागदावर दिसतं. ‘नळीचा त्रास नको, डायरेक्ट ऑपरेशन करू’ असं पेशंटही म्हणतात, आणि अशा वेळी डॉक्टरने ठाम नाही म्हणायला हवं.

मेव्हण्यांची जुनी फाइल काढा. त्यात या दोन तपासण्यांचे रिपोर्ट आहेत का बघा. नसतील तर ती चोवीस तासांची तपासणी आता तरी करून घ्या, कारण परतलेली जळजळ दरवेळी ॲसिडचीच नसते. सोबत एंडोस्कोपी आणि बेरियमचा एक्स-रे केला की वेढा जागेवर आहे की सुटला, हे कळेल. दुसऱ्यांदा ऑपरेशन करणं पहिल्यापेक्षा अवघड असतं, तेव्हा त्याची घाई नको. मात्र घास अडकत असेल किंवा वजन उतरत असेल, तर फाइल शोधत बसू नका, याच आठवड्यात दाखवा.