खोका चालेल, विमान नको

परवा भंगारवाल्यानं माझं मिग-२१ परत केलं. भंगारातून नापास होऊन घरी यायला नशीब लागतं.

विमान प्लास्टिकचं. १:७२ चं मॉडेल किट, म्हणजे सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंचाचा. मिगचे पंख खऱ्यात ७.१५ मीटर, टेबलावर दहा सेंटिमीटरसुद्धा भरत नाहीत. चांगल्या कंपनीचं किट हातात आलं की या छंदासारखं सुख नाही. तामियाचंच घ्या. भाग फ्रेमवरून तोडायचा, टोक जरा घासायचं, की दोन अर्धी धडं एकमेकांत गप्प बसतात. पातळ सिमेंटचा, म्हणजे किटच्या डिंकाचा, ब्रश फटीला नुसता टेकवा, ते आपसूक आत पळत जातं आणि प्लास्टिकच थोडं विरघळवून दोन्ही बाजू सांधतं. ते पळणं बघण्यासाठी मी वाढलेलं ताट गार होऊ दिलंय, आणि त्याबद्दलची बोलणीही मुकाट्यानं खाल्लीत.

हे किट त्या जातीचं नव्हतं. कंपनीचं नाव घेत नाही, घेण्याची तिची लायकी नाही. साचा इतका झिजलेला की प्रत्येक भागाच्या कडेला प्लास्टिकचा पापुद्रा. पंख धडाला मिळतो तिथं फट. पुटी भरा, वाळू द्या, घासा, पुन्हा फट. घासता घासता पत्र्यांच्या जोडाच्या रेघा पुसल्या गेल्या आणि मिगचा मुळा झाला. नाकात शिशाचं वजन भरलं नाही तर हे विमान तोंड वर करून शेपटीवर बसतं. सूचनापत्रकात त्याबद्दल अवाक्षर नाही. डेकल, म्हणजे विमानावरच्या खुणांचे स्टिकर, पाण्यात सोडले तर तिरंगी गोलाचे तुकडे होऊन वाटीत तरंगू लागले. त्यात बेळगावचा पाऊस. आषाढात इथं लॅकर मारला की हवेतल्या ओलीनं पांढरा पडतो.

खरं मिग १९६३ साली वायुसेनेत आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला समारंभानं निवृत्त झालं. माझ्याकडचं रुजूच होईना. शेवटी सगळं खोक्यात भरलं आणि गल्लीत 'रद्दी, डबा, बाटली' अशी आरोळी आल्याबरोबर खाली उतरलो.

भंगारवाल्यानं खोका उघडला.

"ह्ये काय हाय?"

"विमान."

त्यानं आत पुन्हा एकदा नीट बघितलं. "कुठं हाय?"

"हे काय. हा पंख, हे धड, ही चाकं."

"मग जोडला का नाही?"

"जोडत नाही म्हणून तर देतोय."

"तुमाला जोडंना, मग मी घिऊन काय करू?"

याला उत्तर नव्हतं. त्यानं पंख उचलला, गाडीच्या दांड्यावर टकटक वाजवला, कानाजवळ नेला. मग रिकाम्या फ्रेमचा एक तुकडा घेऊन काडकन मोडला. खिशातून लायटर काढून त्याचं टोक पेटवलं. काळ्या धुराबरोबर काजळीचे धागे उडाले, त्यातला एक माझ्या शर्टावर येऊन बसला. एवढी बारकाईनं तपासणी त्या कंपनीच्या कारखान्यात झाली असती तर माझ्यावर ही वेळ आली नसती.

"कडक माल हाय. नरम असता तर घेतलो असतो. त्यात तुमी ही माती लावलाय."

"माती नाही, पुटी आहे ती."

"तेच की. ब्याड्री." कानडीत नको म्हणून त्यानं धड, पंख, चाकं, वैमानिक, सगळं माझ्या ओंजळीत ओतलं. खोका मात्र उलटसुलट करून पाहिला. वर झकास चित्र होतं: बर्फाळ डोंगर, मागं आग ओकत निघालेलं मिग. त्या चित्राला भुलूनच मी पैसे मोजले होते. "पुठ्ठा चांगला हाय, चित्र बी चांगलं हाय. खिळं ठिवतो ह्यात." मग काट्यावर ठेवून, दोन्ही बाजू समान होईपर्यंत वाट बघून, मला नाणी दिली. वर सल्ला: "पुढच्या टायमाला आतलं काढून ठेवा, खोकाच द्या."

हे सगळं शेजारच्या काकू कठड्यावर हात टेकून बघत होत्या. "एवढं महागाचं आणून भंगारात घालालास होय रे? अर्धवट टाकू नये बघ, बरं नसतं."

हे मला मनापासून खटकतं. न आवडलेली भाजी ताटात ठेवली तर चालते, शंभर भाग झालेली मालिका मध्येच सोडली तर चालते, पण किट सोडलं की माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न. आणि अर्धवटाचं कौतुक मला बेळगावात सांगायचं? १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, ६६ साली महाजन आयोग बसला, ६७ ला त्याचा अहवाल आला, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. एवढ्या मोठमोठ्या माणसांना तो सांधा अजून बसवता आलेला नाही, त्यांना काकू एका शब्दानं विचारत नाहीत. दर निवडणुकीला तीच फट, तीच पुटी. मी आपला पदरचे पैसे घालून, घरात बसून, कुणाला त्रास न देता एक विमान टाकून दिलं तर अख्ख्या गल्लीला माझी शिस्त आठवते.

संध्याकाळी काकू घरी आल्या. मला वाटलं सांत्वन. हातात डब्याचं मोडकं झाकण होतं.

"तुझ्याकडं तो डिंक हाय न्हवं? एवढं चिकटवून दे की."

मी समजावलं की माझं सिमेंट पॉलिस्टायरीनपुरतं, म्हणजे किटच्या प्लास्टिकपुरतं आहे, झाकण पॉलिप्रॉपिलीनचं आहे, हे त्याला दाद देत नाही. लावूनही दाखवलं. सिमेंट वाळलं, झाकण उचललं, दोन्ही तुकडे अलग.

काकूंनी एकदा झाकणाकडं बघितलं, एकदा टेबलावर पसरलेल्या मिगकडं.

"तरीच," म्हणाल्या. "तुझा डिंकच खराब हाय."