तीन जोशी आणि एक डिक्शनरी

आमच्या सोसायटीत जोशी तीन. गच्चीवाले जोशी, बँकेतले जोशी आणि नवे जोशी. यातल्या बँकेतल्या जोशींना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली आणि नवे जोशी राहायला आले त्याला एक तप उलटलं. पण त्यावाचून कोणाचं काही अडलं नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, कुरिअरवाला, सगळे बिनचूक त्या त्या दारात जातात. अडलं ते पायथनचं, म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायच्या एका भाषेचं.

मी सोसायटीचा खजिनदार. (हे पद मागून मिळत नाही, सभेला उशिरा पोचल्यावर मिळतं.) मेंटेनन्सची थकबाकी वहीत उतरवताना माझी चाललेली कुरकूर ऐकून भाची म्हणाली, "मामा, तू पायथन शीक. तुझं सगळं काम म्हणजे फक्त एक डिक्शनरी आहे."

शिकवणाऱ्या व्हिडिओंमधलं जग फार सुखी असतं. तिथली डिक्शनरी म्हणजे जोड्यांची यादी. तीत फळं आणि त्यांचे भाव असतात, नाहीतर देश आणि त्यांच्या राजधान्या. महिरपी कंस उघडायचा, डावीकडे 'की' (जिच्यावरून शोधायचं ती), मग कोलन, उजवीकडे व्हॅल्यू (जी मिळते ती), झालं, पुढची जोडी. फ्रान्स म्हटलं की पॅरिस. कुठल्याच व्हिडिओत दोन फ्रान्स नसतात.

मी तीन जोशी आणि त्यांच्यापुढे तीन रकमा टाइप केल्या, प्रोग्राम चालवला. जोशी एकच, तेही नवे. बाकीचे दोघे गायब! एक की एकदाच. तीच पुन्हा आली तर आधीची व्हॅल्यू पुसून नवी बसवायची, असा तिथला कायदा. एक कोलन राहिला तर आकाशपाताळ एक करणारी ही भाषा, दोन सभासदांची थकबाकी गिळून साधा ढेकरही देत नाही. गच्चीवाल्या जोशींना हे कळलं असतं तर त्यांनी लॅपटॉपला हार घातला असता.

"नावं कशाला? फ्लॅट नंबर ही की घे ना," भाची म्हणाली. घेतली. आता प्रोग्रामने नंबर विचारायचा, मी टाइप करायचा, त्याने थकबाकी सांगायची. ४०१ टाइप केलं. उत्तर आलं, 'की-एरर', आणि पुढे अवतरणचिन्हांत ४०१. बस्स. 'असा फ्लॅट नाही', 'पुन्हा बघा', काही नाही. सरकारी खिडकीवरचा माणूससुद्धा निदान 'जेवणानंतर या' म्हणतो.

गोम त्या अवतरणचिन्हांत होती. इनपुटने जे येतं ते मजकूर म्हणून येतं. मजकुरातला ४०१ आणि आकडा ४०१ यांचा पायथनच्या लेखी काडीचा संबंध नाही. आधी 'इंट' लावून त्याचा आकडा करायचा. गंमत म्हणजे 'इंट'ला मराठी आकडे टाइप करून दिले तरी ते बिनतक्रार वाचतं, पण तेच मराठी आकडे प्रोग्रामात उघडे लिहिले तर 'सिंटॅक्स एरर'. आणि एवढं सोवळं पाळणाऱ्या या डिक्शनरीला १ आणि 'ट्रू' (म्हणजे 'खरं') या मात्र एकच की वाटतात! इथे मी वाद घालणं सोडून दिलं.

"विचारायचीही एक पद्धत असते, मामा." चौकोनी कंसात थेट विचारलं तर अंगावर येतं, 'गेट' लावून विचारलं आणि की नसली तर नुसतं 'नन', म्हणजे 'काही नाही', म्हणतं. सोबत दुसरी किंमत दिली असली तर ती परत करतं. मी शून्य दिलं. एकदम शांतता. मग सहज म्हणून ९०१ विचारलं. थकबाकी शून्य. आमची इमारत चार मजली आहे. ९०१ इतका नियमित सभासद सोसायटीच्या इतिहासात झाला नाही.

खरी दमछाक केली ती ३०३ आणि ३०४ ने. मधली भिंत पाडून त्यांनी एकच घर केलंय आणि बिलही एकच जातं. मी दोन्ही नंबरांची चौकोनी कंसात लिस्ट करून तीच की म्हणून दिली. 'अनहॅशेबल टाइप'! ऐकायला शिवीच वाटते.

हॅश म्हणजे काय ते मात्र मला मनापासून आवडलं. डिक्शनरी पहिल्या पानापासून शोधत बसत नाही. की हातात आली की तिच्यावरून गणित करून एक आकडा काढते आणि थेट त्या खणापाशी जाते. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला दाखवल्यासारखं. ही कल्पना १९५३ साली आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी एका अंतर्गत टिपणात मांडली. क्रेडिट कार्डाच्या नंबरातला शेवटचा आकडा तपासायची युक्तीही त्यांचीच. असा माणूस खजिनदार म्हणून मिळायला हवा. आता लिस्ट मागाहून बदलता येते. ती बदलली की गणिताचा आकडा बदलणार, भलताच खण उघडणार, म्हणून लिस्टला मज्जाव. गोल कंसातली यादी म्हणजे टपल. ते बदलत नाही, त्याला प्रवेश. मी चौकोनी कंस काढून गोल कंस घातले आणि ३०३-३०४ सुखाने आत गेले. ते पुन्हा भिंत बांधणार नाहीत एवढं लेखी घ्यायला हवं होतं, पण ते कमिटीच्या पुढच्या मीटिंगवर टाकलं.

एकदाची यादी छापून बोर्डावर लावली आणि संध्याकाळीच सेक्रेटरी दारात. ते १०१ मध्ये राहतात, सुरुवात तिथूनच केली होती, त्यामुळे थकबाकीदारांत पहिलं नाव त्यांचं.

"हे मुद्दाम केलंय."

मी समजावलं, की २०१८ साली आलेल्या ३.७ आवृत्तीपासून ज्या क्रमाने टाकाल त्याच क्रमाने डिक्शनरी परत देईल, अशी पायथनची हमी आहे.

"कोण हा पायथन? त्याला मीटिंगला बोलवा."

"तो सभासद नाही."

"मग आमच्या यादीत त्याचा काय संबंध? रकमेप्रमाणे लावा. जास्त थकबाकी वर. खरे बुडवे कोण ते कळू दे सगळ्यांना."

भाचीला फोन केला. 'सॉर्टेड' लावायचं, व्हॅल्यूवरून तुलना कर म्हणून सांगायचं, 'रिव्हर्स' ट्रू करायचं. एका ओळीचं काम. केलं, नवी यादी छापली, जुनी काढून ती लावली. गच्चीवाले जोशी दुसऱ्या नंबरावर आले, ३०३-३०४ पार तळाला गेले. सेक्रेटरी जागचे हलले नाहीत.