उन्हाळ्याच्या कादंबऱ्या, पहिलं प्रेम आणि कारेलीबागेतल्या काकांचे आक्षेप

काका, नमस्कार.

तुम्ही रागावून लिहिलंत, पण पुस्तकं चाळून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या बडोद्याच्या मुलामुलींनी काय वाचावं यावर मी लिहिलं होतं आणि त्यात जेनी हान, सारा डेसन या अमेरिकन लेखिकांच्या कादंबऱ्या सुचवल्या होत्या. काका म्हणतात, अमेरिकेतल्या श्रीमंत पोरांची समुद्रकाठची थेरं आपल्या मुलांना कशाला हवीत? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात प्रेमकथा देणं हा बेजबाबदारपणा आहे. आणि घरात ‘श्यामची आई’ आणि लंपन असताना बाहेर हात पसरायचं कारण काय? शेवटी त्यांनी लिहिलंय की त्यांची पंधरा वर्षांची नात या सुट्टीत त्यांच्याकडे येतेय आणि माझी यादी ते तिला दाखवणार नाहीत.

जेनी हानची ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’ २००९ साली आली. तुम्ही तिचं सार दिलंत ते असं: बेली नावाची एक मुलगी, दोन भाऊ आणि ‘याला निवडू की त्याला’. मलपृष्ठावरचा मजकूर वाचला तर एवढंच हाती लागतं. पण ते समुद्रकाठचं घर कोणाचं आहे ते बघा. सुझॅनाचं. ती बेलीच्या आईची जुनी मैत्रीण. बेलीच्या आईवडिलांचा घटस्फोट झालाय, आणि आई दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन या मैत्रिणीकडे येते. त्या वर्षी सुझॅनाचा कॅन्सर उलटलाय आणि बेलीला ते कोणी सांगितलेलं नाही. सुझॅनाचा थोरला मुलगा कॉनरॅड याला मात्र ठाऊक आहे. तो कोणाशी धड बोलत नाही, सिगारेट ओढतो, फुटबॉल सोडून देतो. बेलीला वाटतं, हा माझ्याशी असा का वागतो? माझं काय चुकलं? पुस्तकभर ती त्याच्या तुसडेपणाचा संबंध स्वतःशी जोडत राहते. शेवटाकडे तिला कळतं की त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. त्याची आई जाणार होती.

काका, पंधरा-सोळाव्या वर्षी जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याबद्दलच आहे असं वाटतं. ती तशी नसते, हे त्या मुलीला ज्या धक्क्यानं कळतं त्यासाठी मी ते पुस्तक सुचवलं. त्यातलं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही, ते छान रंगवलंय. पण या प्रकारच्या चांगल्या कादंबऱ्या मी ज्यासाठी वाचते ते एकच आहे: मुलांना त्यांत पहिल्यांदा आपले आईवडील माणसं म्हणून दिसतात.

आणि ते उन्हाळ्यातच का दिसतात, यालाही कारण आहे. शाळेच्या वर्षात घर घड्याळावर चालतं. डबा, रिक्षा, क्लास, चाचणी. आई म्हणजे डबा भरणारी, बाबा म्हणजे मार्क विचारणारे. मे महिन्यात ते सगळं सुटतं. माणसं दिवसभर एकमेकांसमोर असतात, दुपारी कोणी बाहेर पडू शकत नाही, रात्री गच्चीवर गाद्या पडल्या की मोठ्यांचं बोलणं अंधारात मुलांच्या कानावर येतं. मामाचं आणि आईचं घराच्या वाटणीवरून काहीतरी बिनसलंय हे आपल्यापैकी किती जणांना असंच गच्चीवर, झोपेचं सोंग घेऊन कळलं! हाननं आपल्या कादंबरीत चालू उन्हाळ्याच्या मध्येमध्ये बेलीच्या आधीच्या उन्हाळ्यांची प्रकरणं घातली आहेत. तेच घर, तीच माणसं, फक्त मुलीचं वय वेगळं. रोज भेटणाऱ्या माणसात झालेला बदल दिसत नाही, वर्षानं भेटणाऱ्याचा लगेच दिसतो. आपल्याकडे आजोळी जाणाऱ्या प्रत्येक मुलानं हे अनुभवलंय. गेल्या मेमध्ये ज्याच्याबरोबर आंब्याच्या बाठीवरून भांडलो, तो मामेभाऊ यंदा एकदम घोगऱ्या आवाजात बोलतो आणि त्याच्यासमोर बसायला उगीच संकोच वाटतो.

सारा डेसनची ‘अलाँग फॉर द राइड’ मला हानच्या कादंबरीपेक्षा सरस वाटते. तीही २००९ चीच. ऑडन ही अतिशय हुशार मुलगी, रात्री झोप न येणारी. कॉलेज सुरू होण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात ती वडिलांकडे समुद्रकाठच्या गावी राहायला जाते. वडील कादंबरीकार. त्यांनी दुसरं लग्न केलंय आणि घरात तान्ही मुलगी आहे. बाळ रडतंय, सावत्र आई हायडी जागरणांनी अर्धी झालीय, आणि वडील लेखनाच्या नावाखाली खोलीत. ऑडन सुरुवातीला हायडीला थिल्लर समजते, कारण तिच्या प्राध्यापक आईनं तिला अशा बायकांकडे तसंच बघायला शिकवलंय. मग एकेक दिवस जातो तसं तिला दिसायला लागतं की या घरात काम कोण करतंय आणि अंग कोण काढून घेतंय. आपल्या लहानपणीही हेच झालं असणार, हे तिला उमगतं. लहानपणी राहून गेलेली सायकल ती त्या गावात शिकते, इलाय नावाचा मुलगा भेटतो, त्याच्यावर जीवही जडतो. पण वडिलांबद्दलचा भ्रम उतरणं आणि तरीही त्यांच्यावर माया राहणं, हे डेसननं ज्या संयमानं लिहिलंय त्याला तोड नाही. तुमच्या आक्षेपात या पुस्तकाचं नावही नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक घडलेली गोष्ट सांगते. दांडिया बाजारातली एक मुलगी माझ्याकडून पुस्तकं नेते. हानची कादंबरी परत करायला आली तेव्हा मला वाटलं, आता कॉनरॅड की त्याचा भाऊ जेरेमाया यावर बोलेल. ती म्हणाली, “मावशी, माझ्या आईला मैत्रीणच नाहीये.” मी म्हटलं, तिलाच विचार. तिनं विचारलं. आई लग्न होऊन सांगलीहून बडोद्याला आलेली. शाळेपासूनची मैत्रीण तिकडेच राहिली आणि पुढे संसाराच्या धबडग्यात बोलणं तुटलं. मुलीनं आईच्या मागे लागून नंबर शोधायला लावला. मग एका संध्याकाळी आई फोन घेऊन गच्चीत गेली ती कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी खाली येईना. मुलगी जिन्यात बसून ऐकत होती. नंतर मला म्हणाली, “आई एवढ्या मोठ्यानं हसते हे मला माहीतच नव्हतं.” या मुलीला त्या पुस्तकानं बिघडवलं असं तुम्ही म्हणाल का?

श्रीमंतीबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मला पटतं. या कादंबऱ्यांत पैशाचा हिशेब फार क्वचित होतो. घर आहे, गाडी आहे, सुट्टी आहे, ते कुठून आलं हे कोणी विचारत नाही. मुलांशी बोलताना मी हे मुद्दाम काढते, आणि मुलं फार चांगलं बोलतात त्यावर. हानच्या या कादंबरीमालेचा तिसरा भागही मला कमकुवत वाटतो. बेलीची आई लॉरेल बेलीच्या लग्नाच्या विरोधात उभी राहते ती पानं सोडली, तर बाकी नुसती ओढाताण आहे.

आता चौदा-पंधराव्या वर्षी प्रेमकथा द्यावी का, हा प्रश्न. या वयात मुलीला कोणीतरी आवडायला लागतं. आपण पुस्तक दिलं नाही म्हणून ते थांबत नाही. मोबाइलवर प्रेमाची तीस सेकंदांची दृश्यं रात्रंदिवस सरकत असतात आणि त्यांत नंतर काय होतं हे कधीच नसतं. कादंबरीत ते असतं. गैरसमज, वाट बघणं, दुसऱ्याला दुखावणं, नकार ऐकणं, तोंड लपवून रडणं आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरात जेवायला बसणं, सगळं तीनशे पानांत भोगावं लागतं. शिवाय पुस्तकाबद्दल घरात बोलता येतं. “बेलीनं असं का केलं गं?” हे आजोबाही विचारू शकतात. “तू असं का केलंस?” या प्रश्नाला घरातलं कुठलंही मूल उत्तर देत नाही. माझ्या मते बेजबाबदारपणा गप्प राहण्यात आहे.

‘श्यामची आई’बद्दल. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली ते लिहिलं, १९३५ मध्ये ते छापलं गेलं, आणि आजही मी ते कोरड्या डोळ्यांनी वाचू शकत नाही. पण त्यात आई गेल्यानंतर मोठ्या झालेल्या मुलाची भक्ती आहे. जी मुलगी आज आईशी भांडून दार लावून बसलीय, तिच्या रागाला त्या पुस्तकात जागा नाही. तिला तेही द्यावं आणि तिचा राग ओळखणारं काहीतरीही द्यावं. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर माझ्याच यादीत होता, काका. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा, कानडीचा हेल असलेल्या मराठीत विचार करणारा तो मुलगा बडोद्याच्या मुलांना चटकन आपला वाटतो. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी अशी ही आपली मुलं. इथे वर्गात त्यांना ‘मराठी’ म्हणतात आणि पुण्याला गेली की तिथली भावंडं ‘आली गुजराती पाहुणी’ म्हणून चिडवतात. हानच्या कादंबरीवरून २०२२ मध्ये पडद्यावरची मालिका आली तेव्हा बेलीला अर्धी कोरियन केलं गेलं. त्यावर आमच्या मुली जेवढ्या बोलल्या तेवढ्या त्या दोन भावांवर बोलल्या नाहीत. आपण नक्की कुठले, हा प्रश्न त्यांच्या रोजच्या जेवणाच्या ताटात आहे.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ २००४ ची. आणीबाणीच्या दिवसांतला नववीचा मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर. पहिल्या प्रेमावर मराठीत याहून खरं लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पण ती मुलाची बाजू. मुलगी स्वतः सांगतेय, आईशी भांडतेय, वडिलांना जोखतेय असं मराठीत शोधायला लागले की माझं कपाट लवकर संपतं. फास्टर फेणे मागे पडला आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून जड जातात, अशा चार-पाच वर्षांत आपली मुलं इंग्रजीकडे जातात आणि बरीचशी मराठी वाचनाकडे परत येत नाहीत. मला याची मनापासून काळजी वाटते. अमेरिकेत १९६७ साली एस. ई. हिंटन या मुलीची ‘द आउटसायडर्स’ आली. ती लिहिताना हिंटन स्वतःच शाळकरी वयाची होती. पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेलं पुस्तक अठराव्या वर्षी छापून आलं, आणि त्या वयासाठीच्या लेखनाला जोर आला. रावपुऱ्यातल्या, मांजलपूरच्या एखाद्या मुलीनं असं मराठीत लिहावं ही माझी फार इच्छा आहे. पण त्यासाठी अशा पुस्तकाची बांधणी तिनं आधी कुठेतरी पाहिलेली हवी.

बाहेर हात पसरण्याबद्दल एवढंच. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेतूनच बडोद्याला आणलं. राजवाड्यातली स्वतःची पुस्तकं लोकांसाठी काढून दिली, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या, मुलांसाठी वेगळा विभाग उघडला. तुम्ही ज्या सेंट्रल लायब्ररीच्या आठवणी लिहिल्यात, तिची घडी त्या अमेरिकन माणसानं बसवली. त्या कपाटांतून आपण मराठीच वाचली.

तर नातीबद्दल. तिच्या हाती आधी डेसन द्या, आणि तिच्याआधी तुम्ही वाचा. इंग्रजी सोपं आहे, दोन-तीन दुपारींत होईल. मग ती वाचत असताना ऑडनच्या वडिलांबद्दल तिचं मत विचारा. ती तुमच्या मुलाबद्दल, म्हणजे स्वतःच्या बाबांबद्दल काही बोलली तर मध्ये टोकू नका. तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य आहे, की तुमच्या काळी साखरपुडा झाल्यावरही दोघं कमाटीबागेत फिरायला निघाले की घरातून धाकटा भाऊ बरोबर दिला जाई. तो किस्सा तिला पूर्ण सांगा, आजींसमोर सांगा. ‘शाळा’ त्यानंतर द्या, मराठी वाचायला अडली तर पहिली काही पानं मोठ्यानं वाचून दाखवा. डेसनची प्रत माझ्याकडे आहे, शनिवारी संध्याकाळी आलात तर घेऊन जा. हानचा पहिला भागही देईन. तिसरा तिनं मागितला तरच.