साबरमतीचे फोटो आणि आमची मुठा

सोमवारी अहमदाबादहून परतलो आणि संध्याकाळी पुण्यात, मुठेकाठी ओंकारेश्वराजवळच्या कट्ट्यावर मोबाईलमधले फोटो दाखवायला बसलो. फोटो राहिले बाजूला, वाद जुंपला तो साडेनऊपर्यंत.

"नदीकाठ असा असतो!" मंदार म्हणाला. "आणि आपण? नाक दाबून भिडे पूल ओलांडतो."

त्याचं चुकत नव्हतं. साबरमतीच्या दोन्ही काठांना साडेअकरा किलोमीटरच्या आसपास चालायची वाट आहे. दिवेलागणीनंतरही तिथे बायका एकेकट्या निवांत बसलेल्या मी पाहिल्या. कोणत्याही सार्वजनिक जागेची मी हीच पहिली परीक्षा मानतो, आणि त्यात हा काठ पास झाला.

शिल्पाने फोन हातात घेतला. "यातलं पाणी कुठलं? साबरमती वर्षातला बराच काळ कोरडीच असायची. हे नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं आणि वासणा बंधाऱ्याने अडवलेलं पाणी आहे. बंधाऱ्याच्या खाली गेला होतास?"

नव्हतो गेलो. तिथे शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी वाहतं, हे ऐकून माहीत होतं, तरी पाय तिकडे वळले नाहीत. ती चूक मला आता टोचते आहे.

"पात्र सरासरी ३८२ मीटर रुंद होतं, ते आवळून सरसकट २६३ मीटर केलं," शिल्पा पुढे म्हणाली. "दोन भिंती घातल्या आणि मागे भराव टाकून जमीन काढली. त्या काठावर दहा हजारांहून जास्त कुटुंबं राहत होती, त्यातल्या कितीतरींना शहराच्या कडेला नेऊन टाकलं."

"त्यांना पक्की घरं मिळाली की!"

"आणि काम? धुणीभांडी करणारी बाई वटव्याहून रोज कशी येणार?"

मंदार गप्प झाला, पण हरला नाही. "मग जंगली महाराज रस्त्याचं काय? तिथेही जागा नव्यानेच केली. रुंद पदपथ, बाकडी, झाडं राखून. तू स्वतः तिथे बसतेस."

"बसते. कारण तिथे गाड्यांची जागा काढून माणसांना दिली. साबरमतीला नदीची आणि गरिबांची काढली."

सगळ्या वादात मला पटलेलं वाक्य हेच. नवी जागा देखणी आहे का, हे आपण लगेच बघतो. ती कुणाकडून घेतली, हे क्वचितच विचारतो. एलिसब्रिजजवळ अटल पुलावर जायला मी ३० रुपयांचं तिकीट काढलं. पतंगांच्या रंगांचा तो पूल खरोखर सुंदर आहे, नदीवरचा वाराही छान लागतो. पण तो २०२२ साली झालेला, पायी चालणाऱ्यांसाठीचाच पूल. चार माणसांच्या घराला त्यावर चालायला शंभराच्या वर मोजावे लागत असतील, तर त्याला सार्वजनिक म्हणताना माझी जीभ अडखळते.

आपल्या मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभीकरणाचा आराखडाही साबरमतीवाल्याच वास्तुरचनाकारांच्या संस्थेचा, बिमल पटेलांच्या एचसीपीचा. त्यासाठी जाणाऱ्या झाडांकरता २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणेकर चिपको म्हणत रस्त्यावर उतरले होते. शिल्पा त्यात होती. मंदार नव्हता, आणि त्यावरूनही दोघांची जुंपलीच.

इतका वेळ काका नुसते ऐकत होते. "पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांचा," ते म्हणाले. "बारा जुलै एकसष्ट. या पेठांमधून पाणी कसं शिरलं ते पाहिलंय मी. नदी आवळायची भाषा माझ्यासमोर करू नका रे."

"मग काय काहीच करायचं नाही का काका?" मंदारचा आवाज खरंच दुखावलेला होता. "माझ्या आईला संध्याकाळी चालायला जागा नको?"

"हवी. आधी मैलापाणी थांबवा, काठावर घाट बांधा. पायऱ्या पाण्यात गेल्या तर जाऊ देत, पाणी उतरलं की परत बसू. इथे आजवर तसंच बसत आलो ना?"

पुढच्या रविवारी बंडगार्डनजवळ झालेला नव्या काठाचा तुकडा चालून बघायचं ठरत होतं. काका म्हणाले, आत्ता नको. खडकवासल्यातून पाणी सोडतील त्या दिवशी जाऊ.