केअर सेंटर बघायला जाताय? रात्रीच्या मावशी मोजा

महिन्याभरात तिघांनी मेसेज केला, की तुझ्या आत्याला ठेवलंय ते सेंटर कसं आहे, चांगलं आहे का, नंबर दे. नंबर देते की, पण "चांगलं" म्हणजे नक्की काय बघायचं हे मला कळायला एक अख्खं वर्ष गेलं आणि त्याची किंमत आत्याने मोजली, म्हणून एकदाच लिहून टाकते. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आत्या ८१ वर्षांची. लग्न केलं नाही, म्युनिसिपाल्टीच्या शाळेत ३३ वर्षं गणित शिकवलं आणि आम्हा भावंडांना जवळजवळ तिनेच वाढवलं. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर चालणं बंदच झाल्यासारखं. विसरणं आधीपासून होतं ते वाढलं. घरी ब्युरोची बाई ठेवून बघितली, सात महिन्यांत पाच जणी झाल्या, सहावी ऐन दिवाळीत "गावाला जाते" म्हणून गेली ती गेलीच. माझी बँकेतली नोकरी, भाऊ न्यू जर्सीला. मग शोधाशोध सुरू.

(आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की लोकांना बाळंतपणाचं हॉस्पिटल आठवतं, आणि वृद्धाश्रम म्हटलं की नातेवाईकांची तोंडं वाकडी होतात. म्हणून "केअर सेंटर". ठेवलं सेंटरला तरी एका काकूंनी ऐकवलंच.)

पहिलं सेंटर एकदम चकाचक. खाली लॉबी, गणपतीची मोठी मूर्ती, लिफ्ट, सीसीटीव्ही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज फोटो, पाडव्याला सगळ्या आज्यांना साड्या नेसवून गुढीशेजारी बसवलेलं. महिन्याला ३८ हजार, डिपॉझिट एक लाख, डायपर आणि औषधं वेगळी. आम्ही दर रविवारी अकराला फोन करून जायचो आणि आत्या आंघोळ करून पावडर लावून व्हीलचेअरवर हॉलमध्ये बसलेली असायची. छान वाटायचं. खरं सांगू का, छान वाटून घ्यायचंच होतं आम्हाला, कारण नाही वाटलं तर पुढे काय करायचं हे माहीत नव्हतं.

आत्या मात्र दर वेळी एकच म्हणायची, "रात्री एकच बाई असते गं. आम्ही तेवीस जणं आहोत, मोजलेत मी." मॅनेजर हसून म्हणाले, मॅडम, डिमेन्शियात पेशंट असं काहीबाही बोलतात. आणि मी चक्क मान डोलावली. जिने मला पाढे शिकवले तिला तेवीस मोजता येत नाहीत हे मी मान्य केलं!

एकदा तिचा चष्मा दुरुस्त करून आणला होता, ऑफिसातून निघायला उशीर झाला म्हणून रात्री साडेनऊला न कळवता गेले. मजल्यावर एक मावशी. तेवीस बेड. आणि ती मावशी सकाळी आठपासून ड्युटीवर, कारण रात्रीवाली आलीच नव्हती. मी आत्याला कुशीवर करायला हात लावला तर ती कळवळली, बघते तर माकडहाडापाशी दोन रुपयांच्या नाण्याएवढी कातडी निघालेली.

आता आत्याच्याच पद्धतीने हिशोब मांडते. जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर करावं लागतं, नाहीतर एकाच जागी दाब पडून बेडसोर होतो. तेवीसातले दहा जण असे धरा. कूस बदलणं, डायपर बघणं, उशी लावणं, एकेकाला दहा मिनिटं. झाली शंभर मिनिटं. म्हणजे दोन तासांतली वीस मिनिटं उरली, त्यात बाकीचे तेरा जण, कुणाला पाणी, कुणाला संडास, कुणी उठून दाराकडे निघालेलं. आणि हे सगळं एकटीने उचलायचं. ती मावशी वाईट नव्हती हो. ते गणितच सुटणारं नव्हतं.

गंमत म्हणजे बेडच्या पायाशी कूस बदलल्याचा चार्ट लटकवलेला होता आणि तो परफेक्ट भरलेला होता, १०, १२, २, ४, ६, एकाच पेनाने, एकाच अक्षरात. रात्री साडेनऊला पहाटे सहापर्यंतचा चार्ट भरून तयार! मॅनेजरना विचारलं तर म्हणाले, स्टाफ नवीन आहे. स्टाफ कायमच नवीन असायचा, दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले की बाई जायची, मग नवीनला आत्याची कवळी कुठल्या डबीत आहे हेही माहीत नसायचं.

कवळीवरून आठवलं, वजन. आमच्या डॉक्टरांनी केलं तेव्हा कळलं की तीन महिन्यांत ५२ वरून ४६ वर आलंय. सेंटरच्या कागदात वजनाचा रकानाच नव्हता. महिन्यात पाच टक्के वजन उतरलं तरी काहीतरी बिघडलंय असं धरायचं असतं, हे तेव्हा कळलं. कारण साधं होतं, कवळी डबीत, ताट समोर, वीस मिनिटांनी ताट उचललं की "जेवल्या आजी."

मग मी नऊ ठिकाणं पालथी घातली. रात्री किती माणसं असतात विचारलं की सात ठिकाणी एकच उत्तर, "मॅडम, चोवीस तास स्टाफ असतो." नोंदणी विचारली तर कुणी धर्मादाय आयुक्तांचा कागद पुढे करतं, कुणी शॉप अ‍ॅक्टचा. अहो पण त्यावरून रात्री तीन वाजता कोण उठतं हे कसं कळणार? २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही वाचला, त्यात मुलांकडून पोटगीचं आहे, प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी निदान एक वृद्धाश्रम असं आहे, पण किती पेशंटमागे किती मावशी, ते काही नाही. भाऊ म्हणाला तिकडे अमेरिकेत मेडिकेअरच्या (म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) वेबसाईटवर प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच स्टार असतात, त्यात स्टाफचे तास पगाराच्या नोंदीवरून घेतात, शनिवार-रविवारचे वेगळे दिसतात, आणि २०२२ पासून किती लोक नोकरी सोडून जातात हेसुद्धा मोजतात. त्यातले काही आकडे होमच भरून देतं म्हणे, म्हणजे तिकडेही एका पेनाचे चार्ट असतीलच. पण निदान प्रश्न तरी बरोबर विचारलाय.

मग मी तेच विचारायला लागले. रात्री किती जणी, सगळ्यात जुनी मावशी कधीपासून आहे, आणि रात्री नऊनंतर न कळवता आले तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नाला जिथे "पेशंट डिस्टर्ब होतात" आलं तिथून सरळ निघाले. आत गेल्यावर हॉल बघत बसले नाही, टाचा बघितल्या. झोपून असलेल्याच्या टाचेवर, कमरेवर लाली असेल तर बोटाने दाबा, दाबून सोडल्यावरही जागा फिकी पडत नसेल तर बेडसोर सुरू झालाय. सावळ्या रंगावर लाली दिसतही नाही, हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का बघायचं. आणि हो, दुपारी चारला सगळेच्या सगळे गाढ झोपलेले असतील तर झोपेचं औषध कुणाकुणाला आहे ते विचारा.

आता आत्या आहे ते सेंटर एक जुना बंगला आहे. रंग उडालाय, फोटो कुणी पाठवत नाही, टीव्ही कायम मोठ्याने चालू, आमटीवर तेलाचा तवंग, फिजिओवाला आठवड्यातून तीनदा कबूल करून दोनदा येतो, त्यावरून माझी भांडणं चालूच असतात. सोळा जण, रात्री दोन मावशी, त्यातली एक नऊ वर्षांपासून तिथेच. जखम भरायला तीन महिने लागले. वजन ४९. दर महिन्याच्या एक तारखेला करतात.

बघायला गेले होते तेव्हा तिथला चार्टही मागितला होता. खाडाखोड, तीन प्रकारची अक्षरं, एका रात्री दोन रकाने कोरेच. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्या रात्री एकांना हॉस्पिटलला हलवावं लागलं, मग राहून गेलं." मी तिथेच चेक लिहिला.

परवा रात्री गेले तेव्हा मावशी वहीत लिहीत होत्या. आत्याने चष्म्यातून वाकून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, सहानंतर आठ येतं. तुम्ही साडेआठ लिहिलंत."

"हो बाई, आज साडेआठच झाले."