‘चाळीस मुलांसमोर उभं राहून बघा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावानं आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तीनदा, कारण पहिल्यांदा वाटलं की मीच चिडून वाचतेय. धडा झाल्यावर तो पुन्हा वाचून घेण्यापेक्षा पुस्तक मिटून मुलांना आठवायला लावा, ते जास्त टिकतं, एवढंच मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं : हे प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचे आहेत, अभ्यासक्रम उरकायलाच वेळ पुरत नाही, आमच्या गुरुजींनी कुठलं संशोधन वाचलं होतं? आणि शेवटी, ‘बाई, आधी चाळीस मुलांसमोर उभं राहून बघा, मग आम्हाला अक्कल शिकवा.’

आधी माझी चूक. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आणि आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून पाहणारे. मी ‘आठवड्यानं’ऐवजी ‘महिन्यानं’ लिहिलं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. मी बावीस वर्षं प्राथमिकच्या वर्गांना शिकवलं. एका वर्षी वर्गात चौपन्न मुलं होती, बाक पुरेनात म्हणून पुढची रांग जमिनीवर बसायची. तेव्हा उभं राहण्याबद्दल तुम्ही मला सांगू नका. तुम्ही कुठे उभे राहता हे मी विचारणार नाही. टोपणनावामागे उभं राहायला फारसे कष्ट पडत नाहीत, एवढंच म्हणते.

आणि उभं राहिलं की समोरचं दिसतंच, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बावीसपैकी पहिली बारा वर्षं मी बरोबरचं चिन्ह (=) चुकीचं शिकवत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मुलांच्या वह्या स्वच्छ, बेरजा बिनचूक, पालक खूश. मग फाल्कनर, लेव्ही आणि कार्पेंटर यांचा १९९९ चा एक लेख वाचनात आला. ८ + ४ = □ + ५, चौकटीत काय येईल? अमेरिकेतल्या सहावीच्या १४५ मुलांना विचारलं होतं, आणि सगळ्यांनी १२ किंवा १७ असं उत्तर दिलं होतं. मला खोटं वाटलं. दुसऱ्या दिवशी चौथीच्या फळ्यावर तेच लिहिलं. सात लिहिणारी मुलं निघाली तीन. एकीनं तर चौकटीत १२ भरून पुढे स्वतःहूनच ‘= १७’ जोडलं आणि वही मोठ्या ऐटीत दाखवली.

कारण सरळ होतं. पहिलीपासून मी प्रत्येक गणित ‘३ + ४ =’ असंच लिहीत आले होते, रिकामी जागा कायम उजवीकडे. मुलांच्या लेखी त्या दोन आडव्या रेघांचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ एवढाच. पुढच्या वर्षी पहिलीच्या फळ्यावर ‘७ = ३ + ४’ लिहिलं, तर सगळा वर्ग ओरडला, ‘बाई, उलटं लिहिलंय!’ मग तराजूचं चित्र काढलं, ‘किती झाले?’ विचारायचं सोडून ‘दोन्हीकडे सारखं आहे का?’ विचारायला लागले. हे मला चौपन्न मुलांनी बारा वर्षांत शिकवलं नव्हतं. कसं शिकवणार, मी कधी विचारलंच नव्हतं.

विचारण्यावरून आणखी एक. मण्यांच्या दोन सारख्या ओळी, मग मोठ्या माणसानं एक ओळ पसरवायची आणि पुन्हा विचारायचं, ‘आता सारखे आहेत?’ पियाजे या मानसशास्त्रज्ञाच्या या प्रकारच्या प्रयोगात लहान मुलं लांब ओळीत जास्त मणी आहेत असं सांगतात. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ती ओळ एका खोडकर टेडीकडून, म्हणजे खेळण्यातल्या अस्वलाकडून, विस्कटवली, तर ‘सारखेच’ म्हणणारी मुलं कितीतरी वाढली. बाई मुद्दाम काहीतरी करून तेच पुन्हा विचारतात, म्हणजे आधीचं उत्तर चुकलं असणार, असा अंदाज मूल बांधतं, हे त्याचं एक स्पष्टीकरण. मी स्वतः ‘नक्की?’ फक्त चुकलेल्या मुलाला विचारायची. ती सवय मोडायला एक वर्ष गेलं. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर बदलतं, साहेब. तुम्हीही ‘अक्कल’ वगळून विचारलं असतंत, तर हे उत्तर निम्म्यात संपलं असतं.

बाकीचं थोडक्यात. कॉलेजचे विद्यार्थी : मूळ लेखात शेवटून तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय, तिथपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं. वेळ : पाच मिनिटं लागतात, तीही तिसऱ्यांदा वाचून घेण्यातली वाचतात. गुरुजी : ते रोज एकेकाला उभं करून पाढा मध्येच कुठूनतरी विचारायचे ना? पुस्तक बंदच असायचं ना? मग झालं तर.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. ते चौकटीचं गणित तेवढं वर्गात घालून बघा आणि चाळीसपैकी किती जणांनी सात लिहिलं ते कळवा. खरा आकडा.